घरात नांदणारा रोबो

नाकाला खाज सुटली की आपला हात न सांगता वर जातो. कॅलिफोर्नियातल्या हेन्री इव्हान्स यांचा जात नाही. 2002 साली, वयाच्या 40व्या वर्षी, मेंदूला झालेल्या आघातानं त्यांची वाचा गेली आणि मानेखालचं शरीर जवळजवळ निश्चल झालं. डोकं वळवून संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवायचा आणि बोटानं क्लिक करायचं, एवढं त्यांना जमतं. तेवढ्याच बळावर गेली अनेक वर्षं ते रोबो चालवत आले आहेत.

सुरुवातीला त्यांच्या दिमतीला होता पीआर2. दोन हातांचं, 200 किलोंहून जड धूड. त्याच्या हाती इलेक्ट्रिक शेव्हर देऊन इव्हान्स यांनी स्वतःची दाढी केली, गाल खाजवला. पण असलं धूड घरात नांदणार कसं? पुढे आला स्ट्रेच. वजन 25 किलोंच्या आत, खाली चाकं, मधे सडपातळ खांब आणि त्यावर वर-खाली सरकणारा, दुर्बिणीसारखा लांबणारा एकच हात. 2023मध्ये तो काही दिवस त्यांच्या घरी मुक्कामाला होता. पांघरूण सरकवणं, खाजवणं, घास तोंडाशी आणणं ही त्याची कामं, आणि तीही माणसापेक्षा कितीतरी सावकाश. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी केली आहे त्यांना ही कामं किरकोळ वाटणार नाहीत. ‘जरा पाठ खाजव गं’, ‘उशी वर घे’ असं दिवसभर मागताना माणूस संकोचत जातो, आणि पुष्कळदा मागणंच सोडून देतो. दर वेळी दुसऱ्याला हाक मारण्यातून थोडी सुटका होणं, ही मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

गरज इतकी निकडीची नसेल तर गोष्ट वेगळी होते. नेदरलँड्समध्ये मार्त्ये द ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारोट्झ नावाचे सशासारखे छोटे रोबो 70 घरांत ठेवले आणि सहा महिने त्या घरांचा मागोवा घेतला. ससा कान हलवी, हवामान सांगे. नवलाई ओसरल्यावर अनेकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. त्याच्याकडून होण्याजोगं खास काम उरलं नव्हतं.

केर काढणाऱ्या रूम्बाला काम होतं. जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 30 घरांत तो देऊन सहा महिने निरीक्षण केलं. रूम्बा घरात आला की माणसांनाही आपल्या सवयी बदलाव्या लागतात. लोक त्याला नावं ठेवतात, म्हणजे अगदी बारसं केल्यासारखी; त्याच्यासाठी वायरी उचलतात, खुर्च्या सरकवतात. झाडण्याआधी आवरणं आलंच! एरवी केराच्या वाटेला न जाणारी घरची मंडळीही या निमित्तानं साफसफाईत ओढली जातात, असंही संशोधकांना दिसलं. आपल्याकडच्या जुन्या घरात त्याची पहिली गाठ उंबरठ्याशी पडते. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठा बहुतेक केरसुण्या-रोबोंना ओलांडता येत नाही.

पण घरानं सामावून घेतलेलं यंत्र किती वर्षं चालणार, हे घराच्या हाती नसतं. जपानमध्ये 1999 साली सोनीचा आयबो हा रोबो-कुत्रा विक्रीला आला तेव्हा पहिले 3000 नग 20 मिनिटांत संपले. 2006मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि 2014मध्ये कंपनीची दुरुस्तीसेवाही. आयबो सोबतीला होता. तरी त्याच्या मालकांची तगमग झाली. मग ज्याच्या हातानं घास तोंडाशी येतो, त्या यंत्राची दुरुस्ती बंद झाली तर? अशा यंत्राचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, याची हमी विकतानाच लेखी द्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आयबोंच्या मदतीला कंपनीतूनच बाहेर पडलेले काही तंत्रज्ञ धावले. नवे भाग मिळेनात, तेव्हा बंद पडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून ते वापरू लागले. मात्र त्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकु-जी या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे अंत्यविधी होत. वेदीवर ते ओळीनं मांडलेले असत, प्रत्येकाच्या अंगावर तो कुठून आला, कुणाच्या घरचा, हे लिहिलेली चिठ्ठी. पुरोहित मंत्र म्हणत, धूप जळे. विधी आटोपला की त्यांचे भाग दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या, पाय अडखळू लागलेल्या आयबोला बसवायला मोकळे होत.