रडू कोणत्या भाषेत येतं?

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरापासून नदीपलीकडे सेंट लँबर्ट नावाचं उपनगर आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथल्या एका शाळेच्या बालवर्गात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली २६ मुलं येऊन बसली आणि पहिल्या दिवसापासून बाई त्यांच्याशी फक्त फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. क्वेबेक प्रांतात राहायचं तर फ्रेंच यायलाच हवी आणि तासापुरती शिकवून ती येत नाही, हे ओळखलेल्या मूठभर पालकांनी शाळा मंडळाचा पिच्छा पुरवून हा वर्ग सुरू करून घेतला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या पद्धतीला ‘इमर्शन’ म्हणतात, म्हणजे मुलाला नव्या भाषेत अक्षरशः बुडवून काढणं. गणित, परिसर, खेळ, गाणी, शिस्त, सगळं त्याच भाषेत. मॅकगिल विद्यापीठातल्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सुरुवातीला मुलं इंग्रजी वाचनात मागे पडली, पण इंग्रजीचे तास सुरू होताच त्यांनी ती कसर भरून काढली आणि वर फ्रेंचही पदरात पडली. आज अमेरिकेतल्या युटासारख्या राज्यात हजारो मुलं स्पॅनिश, चिनी किंवा फ्रेंचमध्ये अर्धा दिवस शिकतात, त्याची मुळं या वर्गात आहेत.

या यशाच्या कहाणीत एक बारीक तपशील नेहमी निसटतो. बाई फक्त फ्रेंच बोलत, पण मुलांवर तसं बंधन नव्हतं. बालवर्गात मूल इंग्रजीत बोललं तरी चालत असे, कारण बाईंना इंग्रजी कळत होती. मुलाला तहान लागली, पोटात दुखलं, शेजारच्याने ढकललं, तर ते सांगायला नवी भाषा येईपर्यंत थांबावं लागत नव्हतं. इमर्शन आणि नुसतं पाण्यात ढकलून देणं यांत फरक आहे तो हाच. अभ्यासक दुसऱ्या प्रकाराला ‘सबमर्शन’ म्हणतात. आपल्याकडे मराठी घरातलं मूल इंग्रजी शाळेत जातं आणि मराठीत बोलल्याबद्दल त्याला टोकलं जातं, तेव्हा पालक समजतात की ते इंग्रजीत ‘बुडून’ शिकतंय. प्रत्यक्षात तो बहुतेकदा दुसरा प्रकार असतो. लँबर्ट यांनीच पुढे मांडलेला भेद इथे कामाला येतो: एका द्विभाषिकतेत नवी भाषा जुनीत भर घालते, दुसरीत जुनीची जागा बळकावते.

इमर्शन शाळेतल्या समुपदेशकाचं काम या तपशिलापाशी सुरू होतं. समुपदेशक म्हटलं की आपल्याला दहावीनंतरची कलचाचणी आठवते. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत मात्र तो सहा-सात वर्षांच्या मुलांत वावरतो: राग आला तर काय करायचं याचे वर्गपाठ घेतो, आईवडील वेगळे झालेल्या मुलांचे छोटे गट चालवतो, शिक्षक आणि पालक यांच्यात दुवा राहतो. तिथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. प्रत्यक्षात एकेकाच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त मुलं येतात. हे सगळं कुठल्याही शाळेत असतं. इमर्शन शाळेत त्यावर एक जोखमीची जबाबदारी चढते, ती म्हणजे मुलाची अडचण भाषेची आहे की मुलाची, हे वेगळं करून सांगण्याची. शिक्षक आणि पालक असतानाही हे काम तिसऱ्याच माणसाने करायला हवं आणि त्यासाठी त्याची खोली शाळेच्या भाषानियमाबाहेर असायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

वर्गात तोंड न उघडणारं मूल घ्या. नवी भाषा शिकणारी बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प असतात. ऐकत असतात, साठवत असतात. ही शांतता निरोगी असते. पण ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ नावाचा एक चिंताविकारही आहे. त्यात मूल घरी भरभरून बोलतं आणि शाळेसारख्या ठिकाणी त्याला कंठच फुटत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची अट स्पष्ट आहे: लक्षण किमान महिनाभर टिकलेलं हवं, त्यात शाळेचा पहिला महिना धरायचा नाही आणि तिथली भाषा येत नसल्यामुळे मूल गप्प असेल तर त्याला हा विकार म्हणायचं नाही. म्हणजे इमर्शन वर्गात ही दोन्ही मुलं बाहेरून अगदी सारखी दिसतात. दोघांना वेगळं ओळखायचं तर भाषेची अडचण बाजूला सारून, मूल आपल्या भाषेत, मैदानावर, घरी बोलतं का हे पाहावं लागतं. वर्गातल्या बाईंना ते अवघड जातं, कारण त्या स्वतःच त्या नियमाचा चेहरा असतात.

चिंतेने गप्प असलेल्या मुलाची अडचण नुसती भाषेची समजली जाते, तशी उलटी चूकही होते: भाषेची अडचण मुलाचा दोष ठरते. ती जास्त महाग पडते. टोरंटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या चारशेहून अधिक मानसशास्त्रीय चाचण्यांचे कागद तपासले. त्यांना आढळलं की मूल मधल्या सुट्टीत छान गप्पा मारतं म्हणून तपासणारे त्याची भाषा पक्की समजत आणि चाचणीतले कमी गुण थेट बुद्धीच्या किंवा शिकण्याच्या दोषाच्या खात्यावर टाकत. गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते. धडा समजून घेण्याची, कारणं देण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. अस्खलित बोलणारं मूल गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून गोंधळतं, ते यामुळे. कमिन्स यांची ही मुलं इमर्शनमधली नव्हती, बहुसंख्यांच्या भाषेत येऊन पडलेली होती, हे खरं. पण गप्पांवरून निदान करण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो.

सगळ्यात कठीण निर्णय मूल शाळेतून काढण्याचा. ‘याला झेपत नाही, साध्या शाळेत घाला’ हा सल्ला सत्तरच्या दशकापासून दिला जातोय. ओटावातल्या रोनाल्ड ट्राइट्स यांचं मत होतं की काही मुलांना इमर्शनमध्येच अडचण येते आणि ती तिथून बाहेर पडल्यावर सुधारतात. मॅकगिलच्या मॅगी ब्रक यांना वेगळं दिसलं. भाषेचा दोष असलेली मुलं इमर्शनमध्ये इंग्रजी शाळेतल्या तशाच मुलांपेक्षा मागे पडत नव्हती, शिवाय त्यांना काही प्रमाणात फ्रेंचही येत होती. पुढे त्यांनी बाहेर पडलेल्या मुलांची तुलना कच्ची असूनही टिकलेल्या मुलांशी केली. मुख्य फरक गुणांचा नव्हता. बाहेर पडलेल्यांचं शाळेविषयीचं मन कडू झालेलं होतं आणि वागण्याच्या तक्रारी जास्त होत्या. मूल शाळा सोडतं ते बऱ्याचदा भाषा न आल्यामुळे नव्हे, मन विटल्यामुळे. आणि ते वेळेत हाती घेणं हे समुपदेशकाचं काम. त्यात शाळेचा स्वार्थही गुंतलेला असतो. इमर्शन वर्गात पहिलीनंतर सहसा नवीन मूल घेता येत नाही, त्याला भाषाच येत नसते. गेलेल्याची जागा रिकामीच राहते. म्हणून एखादी शाळा झगडणाऱ्या मुलाला उगाच धरून ठेवते, तर दुसरी निकाल चांगला दिसावा म्हणून हळूच दार दाखवते. दोन्ही दबावांपासून जरा दूर उभा राहून बोलणारा माणूस लागतो.

आता खोलीच्या भाषेविषयी. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या प्रौढांवर मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला: लहानपणी ऐकतो तशी रागावणारी वाक्यं दोन्ही भाषांत ऐकवली आणि त्वचेवरून भावनेची तीव्रता मोजली. मातृभाषेतलं रागावणं जास्त लागलं. लहानपणीच दोन्ही भाषा शिकलेल्यांत हा फरक तसा दिसला नाही, हेही सांगायला हवं. इमर्शनमधलं सात वर्षांचं मूल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. दुसऱ्या वर्षाला त्याला फ्रेंचमध्ये ज्वालामुखीचे भाग सांगता येतात, पण ‘मला कुणी खेळात घेत नाही’ हे त्याला अजून इंग्रजीतच सुचतं.

खोली भाषानियमाबाहेर ठेवण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप हवाईतून येतो. तिथे १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. ती जगवण्यासाठी १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’ बालशाळा आणि १९८७ मध्ये सरकारी इमर्शन वर्ग सुरू झाले. तिथली मुलं घरी बहुतेक इंग्रजी बोलतात. अशा शाळेत एकच खोली इंग्रजीला मोकळी ठेवली, तर हवाईयन पाठ्यपुस्तकाची भाषा आहे आणि रडण्यासाठी इंग्रजी, असं मूल शिकेल. भाषा जगते ती रडण्यात, भांडणात, लाडात. तेवढंच काढून घेतलं तर मागे नुसता अभ्यास उरतो. हा आक्षेप मला पटतो, पण त्यातून माझ्या म्हणण्याच्या उलट निष्कर्ष निघत नाही. नियमाबाहेरची खोली म्हणजे इंग्रजीची खोली नव्हे. समुपदेशक दोन्ही भाषांत मुरलेला असावा, त्याने बोलायला शाळेच्या भाषेत सुरुवात करावी आणि पुढची निवड मुलावर सोडावी. मूल मध्येच भाषा बदलतं का, कोणत्या शब्दापाशी बदलतं, हेही त्याला ऐकू यायला हवं. एकच भाषा येणाऱ्याला ते ऐकू येणार नाही, मग ती भाषा कुठलीही असो.

‘हे वर्गशिक्षिकाच करू शकतात, वेगळा पगार कशाला?’ हा दुसरा आक्षेप. मायाळू शिक्षिका खूप काही करू शकते. पण जी दिवसभर ‘फ्रेंचमध्ये सांग’ म्हणते, तिच्याकडेच फ्रेंचची तक्रार घेऊन मूल कसं जाईल?

समुपदेशकाचा बराच वेळ पालकांवर जातो. गृहपाठ त्यांना वाचता येत नाही, शेजारचं मूल इंग्रजी पुस्तकं धडाधड वाचतंय आणि आपलं अडखळतंय, या धास्तीने दुसरीच्या सुमाराला ते दारात उभे राहतात. सेंट लँबर्टची मुलंही आधी मागे पडली होती, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितलं असतं तर ही धास्ती निम्मी झाली असती. त्यांनी घरी आपल्याच भाषेत गोष्टी वाचाव्यात, मोडक्या फ्रेंचमध्ये नकोत, हेही समुपदेशकानेच सांगायचं. आपल्याकडेही ही खोली आता येऊ घातली आहे: भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक किंवा तत्सम प्रशिक्षित व्यक्ती असावी, असं म्हटलं आहे. नेमणूक होईल तेव्हा मराठी घरातून इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीच्या डायरीत ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा येईल आणि तिचे आईवडील त्या खोलीत जातील. तिथल्या माणसाने ‘घरी बोलते का, आणि काय काय बोलते?’ एवढं मराठीत विचारलं, तरी शेऱ्याचा अर्थ बराचसा उलगडेल.