जुना विंडोज एक्सपी नव्या लॅपटॉपच्या पोटात कसा चालतो?

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण त्याच दिवसांत आणखी एक धंदा जोरात असतो, तो म्हणजे डीटीपी आणि छपाईचा. वर्गणीच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका, पुढे लग्नसराईत लग्नपत्रिका. पेण काय नि रोहा काय, अशा तालुक्याच्या गावातल्या डीटीपी सेंटरच्या कोपऱ्यात एखादा जुना पीसी अजूनही सापडतो. त्यावर विंडोज एक्सपी आणि पेजमेकर असतं, आणि मालक त्याला कुणाला हात लावू देत नाही.

कारण साधं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडूनही इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पेजमेकरची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 मधली. म्हणजे वर्षानुवर्षांचं काम एका म्हाताऱ्या हार्ड डिस्कच्या भरवशावर आहे, आणि त्यात कोकणातला पावसाळा.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपची थोडी रॅम, प्रोसेसरचा थोडा वेळ आणि डिस्कवरची एक मोठी फाइल बाजूला काढतो. आतल्या एक्सपीला ती फाइल म्हणजेच हार्ड डिस्क वाटते. आपण कुणाच्या तरी स्क्रीनवरच्या खिडकीत चालतोय, याचा त्याला पत्ताच नसतो. बाहेरच्या यंत्रणेला होस्ट म्हणतात आणि आतलीला गेस्ट.

कल्पना नवी नाही. आयबीएमने 1972 मध्येच मोठ्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/370 आणलं होतं. आता इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येच यासाठी सोय असते. फक्त ती कधी कधी बायोसमध्ये बंद असते, ती आधी चालू करा. एक्सपीला 1 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क भरपूर झाली, त्यामुळे 8 जीबीचा साधा लॅपटॉपही पुरतो.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट. पेणकरांना हे साच्यावरून लगेच कळेल. रंगवताना एखादी मूर्ती बिघडली तरी साचा शाबूत असतो. तसंच एक्सपी, पेजमेकर आणि फॉन्ट नीट बसले की स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर दोन क्लिकमध्ये मागे येता येतं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मशीन बंद करून तिचं अख्खं फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करायलाच हवं.

आता अडचणी. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला, त्यामुळे गेस्टचं इंटरनेट बंदच ठेवा. फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून होते. विंडोज जुन्या पीसीसोबतच आली असेल, तर तिचा परवाना सहसा त्याच यंत्रापुरता असतो. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ प्रोग्रॅम दुकानातही फुकट वापरता येतो, मात्र त्याचा एक्स्टेन्शन पॅक धंद्यासाठी फुकट नाही. इथे बरेच जण फसतात.

खरी डोकेदुखी डोंगलची. काही मराठी सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडतच नाही. यूएसबी डोंगल गेस्टला जोडून बघता येतं. जुनं, प्रिंटरच्या पोर्टचं असेल तर नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, मग सॉफ्टवेअर कंपनीला विचारण्यावाचून इलाज नाही.

प्रिंटरसाठी मात्र डोकं लावत बसू नका. गेस्टमध्ये पीडीएफ बनवा आणि होस्टवरून छापा. पहिल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं आणि रफार जुन्या छापील प्रतीशी ताडून बघा. ते जुळेपर्यंत कोपऱ्यातला पीसी भंगारात देऊ नका.