‘मूळ हिब्रूत वेगळंच आहे’ म्हणण्याआधी

‘मूळ हिब्रूत या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे’ हे वाक्य उपदेशात, बायबल अभ्यासाच्या वर्गात आणि हल्ली मोबाइलवरच्या व्हिडिओंत सारखं कानावर पडतं. ते ऐकून एखाद्याला हिब्रू शिकावंसं वाटलं तर चांगलंच. पण असं म्हणणाऱ्यांच्या हातात बहुधा व्याकरण नसतं, शब्दसूची असते. जेम्स स्ट्राँगच्या १८९० सालच्या ग्रंथात प्रत्येक हिब्रू शब्दाला एक क्रमांक आहे आणि क्रमांकापुढे अर्थांची रांग. त्या रांगेतला आवडेल तो अर्थ उचलायला भाषा यावी लागत नाही. तो शब्द त्या वाक्यात कोणत्या रूपात आलाय, कर्ता कोणता, क्रियापद कशाशी जुळतं, हे मात्र तिथे कळत नाही. ते प्राथमिक व्याकरणाने कळतं.

सर्वांत चिवट गैरसमज धातूंबद्दलचा. हिब्रूतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात, म्हणून धातू सापडला की शब्दाचा ‘खरा’ अर्थ सापडला असं मानलं जातं. बेथलेहेममधला ‘लेहेम’ म्हणजे भाकर. ‘मिल्हामा’ म्हणजे युद्ध. दोन्हींत ल-ह-म हीच व्यंजनं आहेत. मग बेथलेहेमला रणांगण म्हणायचं का? आहार, विहार आणि प्रहार हे तिन्ही शब्द ‘हृ’ धातूचे, पण ताटातल्या आहारात प्रहार शोधायला कोणी मराठी माणूस जात नाही. हिब्रूच्या बाबतीत मात्र आपण हे शहाणपण सोडून देतो. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ साली बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावर एक पुस्तक लिहून या पद्धतीची चिरफाड केली. त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी ती पद्धत जिवंत आहे.

तिचा सर्वांत प्रसिद्ध बळी रोममध्ये पाहायला मिळतो. निर्गमच्या ३४व्या अध्यायात मोशे डोंगरावरून खाली येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याची त्वचा तेजाळलेली असते. तिथल्या क्रियापदाची व्यंजनं क-र-न, आणि ‘केरेन’ म्हणजे शिंग. जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात शिंगाचा अर्थ घेतला. पुढे मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोशेच्या डोक्यावर म्हणूनच दोन शिंगं आहेत. जेरोम काही कच्चा विद्यार्थी नव्हता. हिब्रू शिकण्यासाठी त्याने यहुदी शिक्षकांकडे धडे घेतले होते. तोही जिथे घसरला, तिथे शब्दसूचीच्या भरवशावर बोलणाऱ्यांनी जपून पाऊल टाकलेलं बरं.

‘अक्षरं म्हणजे चित्रं, त्यांत गूढ अर्थ दडलेत’ या समजुतीवर फार वेळ घालवायला नको. आलेफचं मूळ बैलाच्या डोक्याच्या चित्रात आहे, हे खरं. पण बायबल लिहिलं जात होतं तेव्हा आलेफ हे एका ध्वनीचं चिन्ह होतं, बैल नव्हे. ठरावीक अंतरावरची अक्षरं जोडून भविष्य वाचण्याचं खूळही असंच. तसा दावा करणारा शोधनिबंध १९९४ साली एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात छापला गेला, १९९७ साली त्यावरचं पुस्तक गाजलं आणि १९९९ साली त्याच नियतकालिकाने त्या निबंधाचं सविस्तर खंडनही छापलं.

‘एलोहीम’चा प्रश्न अधिक रंजक आहे. हा ‘देव’ या अर्थाचा शब्द रूपाने अनेकवचनी आहे. त्यावरून कोणी अनेक देव सिद्ध करतो, कोणी त्रैक्य. पण उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात त्याच्याबरोबर आलेलं ‘बारा’ (निर्माण केलं) हे क्रियापद एकवचनी आहे. आपण मराठीत ‘बाबा आले’ म्हणतो, तेव्हा माणूस एक आणि क्रियापद आदरार्थी अनेकवचनी असतं. हिब्रूत इथे उलटं आहे: नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘धनी’ या अर्थाचा शब्दही एकाच माणसासाठी असा अनेकवचनी रूपात येतो. इतर राष्ट्रांच्या देवांबद्दल बोलताना तोच ‘एलोहीम’ खरोखर अनेकवचनी होतो. त्रैक्याचा सिद्धान्त मानायचा की नाही हा श्रद्धेचा प्रश्न आहे, पण या शब्दाच्या प्रत्ययावर तो उभा राहत नाही.

स्वरचिन्हांबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ती मूळ लेखकांची आहेत. दोन, ती नंतरची म्हणून टाकाऊ आहेत. हिब्रूच्या २२ अक्षरांत केवळ व्यंजनं येतात. १९४७पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांत स्वरचिन्हं नाहीत. ती साधारण सातव्या ते दहाव्या शतकात मासोरा परंपरेच्या विद्वानांनी दिली, पण मनाने नव्हे, तर चालत आलेल्या पठणाच्या आधाराने. संपूर्ण हिब्रू बायबलचं १००८ सालचं जे हस्तलिखित आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, त्यात ती आहेत. स्वर बदलला की काय होतं ते उत्पत्ती ४७:३१मध्ये दिसतं. तिथे म्हातारा याकोब कशावर तरी टेकून नमन करतो. ‘मित्ता’ वाचलं तर ती खाट, ‘मत्ते’ वाचलं तर काठी. हिब्रू परंपरेने खाट वाचली, जुन्या ग्रीक भाषांतराने काठी. इब्री लोकांस पत्रात काठी आली ती त्या ग्रीकमधून.

आधुनिक इस्रायली हिब्रू येत असलं की बायबल आपोआप उलगडतं, असंही नाही. यहेज्केलच्या पहिल्या अध्यायात ‘हश्माल’ म्हणजे एक झळाळणारा पदार्थ. आजच्या हिब्रूत त्याच शब्दाचा अर्थ वीज. शिवाय जुन्या कथनातली भूतकाळाची खास रूपं आज बोलण्यात नाहीत. आणि हिब्रू आलं म्हणजे सगळं बायबल आलं, असंही नाही. नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि दानीएल व एज्रा या पुस्तकांचा बराच भाग अरामी भाषेत.

भाषा कळली की वाद मिटतील, ही आशाही सोडावी. यशया ७:१४मधला ‘आल्मा’ म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतराने तिथे कुमारी असा शब्द घातला आणि मत्तयाने तो घेतला. या वचनावर शतकानुशतकं भांडणाऱ्या यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही बाजूंत हिब्रू उत्तम येणारे लोक होते.

मग मिळतं काय? पुष्कळ. यिर्मयाला बदामाची फांदी दिसते आणि देव लगेच म्हणतो, मी जागा राहून लक्ष ठेवतोय. भाषांतरात या दोन वाक्यांचा संबंध लागत नाही. हिब्रूत बदाम ‘शाकेद’ आणि लक्ष ठेवणारा ‘शोकेद’. ११९व्या स्तोत्राची १७६ वचनं म्हणजे २२ अक्षरांची प्रत्येकी आठ-आठ वचनं आहेत, हेही डोळ्यांना दिसू लागतं.

मराठी वाचकाला तर एक आयता फायदा आहे. आपण ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ यांत भेद करतो, हिब्रूही करतं. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात १५व्या वचनात तो तिला सुंदर म्हणतो आणि १६व्यात ती त्याला. इंग्रजी वाचकाला कोण कुणाला बोलतंय हे सांगायला मथळे द्यावे लागतात, आपल्याला ते रूपांवरूनच कळतं.

मराठीतून हिब्रू शिकणं ही नवी गोष्टही नाही. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीत हिब्रू व्याकरण छापलं. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. १९२२ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांनी ते काम पुरं केलं.

शिकायचं असेल तर अक्षरओळख आणि क्रियापदाची मूळ रूपं झाल्यावर सरळ रूथचं पुस्तक उघडा. चार अध्याय, ८५ वचनं, साधं गद्य. पन्नासहून अधिक वेळा येणारे साडेसहाशेच्या आसपास शब्द पाठ झाले की जुन्या करारातल्या कथा कोशाकडे फार न धावता वाचता येतात. तोवर ‘मूळ हिब्रूत’ने सुरू होणारं वाक्य कोणी म्हटलंच, तर त्याला एवढंच विचारा की त्या वचनातलं क्रियापद कोणतं आहे.