गरोदरपणातलं पोट दुखणं: प्रत्येक वेळी 'ॲसिडिटी'च असते का?

सातवा-आठवा महिना. रात्री जेवणानंतर बेंबीच्या वर जोरात दुखायला लागतं, कळ पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत. पुण्यातल्या अनेक घरांत यावर लगेच निदान होतं, "पित्त झालं असेल." मग कोकम सरबत, नाहीतर ॲसिडिटीची गोळी.

बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण कधीतरी ती स्वादुपिंडाची सूज, म्हणजे ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस असते. गरोदरपणात हा आजार दुर्मीळ आहे. पण उपचारांना उशीर झाला, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

यातही बहुतेकदा पित्ताचाच हात असतो, फक्त ॲसिडिटीचा नाही. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे पित्ताशय सावकाश रिकामं होतं आणि खडे तयार होतात. एखादा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, की स्वादुपिंडाला सूज येते. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स १,००० मिलिग्रॅमच्या वर जाणं हेही एक कारण.

मग ओळखायचं कसं? रक्तातलं लायपेज कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि दुखणंही वर सांगितलं तसं असेल, तर निदान जवळपास पक्कं. खडे शोधायला सोनोग्राफी करतात. तिथे 'फॉर्म एफ' भरून घेतात, त्याने घाबरू नये. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक गर्भवतीसाठी तो भरावाच लागतो. सोनोग्राफीत नळीतला खडा दिसला नाही, तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय करता येतो. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात.

"आता लगेच सिझर करणार का?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. फक्त या आजारासाठी सहसा नाही. सलाईन, गरोदरपणात चालणारी वेदनाशामकं आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष, यावर बहुतेक जणी सावरतात. पूर्वीसारखं दिवसचे दिवस उपाशीही ठेवत नाहीत. अँटिबायोटिक्स लागतात ती संसर्ग असेल तरच. नळीत खडा अडकून संसर्ग झाला, तर दुर्बिणीतून तो काढतात (ईआरसीपी). खड्यांमुळे दुखणं उलटू शकतं, म्हणून पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळतो. त्या शस्त्रक्रियेसाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा.

नाव घातलेलं प्रसूतिगृह लहान असेल, तर तिथे सर्जन, आयसीयू किंवा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असेलच असं नाही. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात हे सगळं एका आवारात मिळतं. दुखणं थांबत नसेल, ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने देऊ नये.