शुश्रूषा म्हणजे नेमके काय?



'रुग्णसेवा' या विषयावर मुलांना निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत तेच सापडते. औषध वेळेवर द्यावे, फळे न्यावीत, स्वच्छता ठेवावी. यात चूक काहीच नाही. पण एवढे केले की शुश्रूषा पूर्ण झाली का?

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. म्हणजे बघा, आजारी माणसाला काय हवे ते आधी ऐकायचे आणि मग सेवा करायची.

आपल्या वर्धा जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. येरवडा तुरुंगात असताना कुष्ठरोगामुळे त्यांना वेगळे ठेवले होते. १९३९ मध्ये ते सेवाग्राम आश्रमात आले. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. घरचे लोकही रोग्याला दूर करत. गांधीजींनी मात्र त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली. ते स्वतः त्यांच्या जखमा साफ करत, मालीश करत, त्यांच्याजवळ बसून बोलत. शास्त्रीजींनी आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवले.

१९४५ मध्ये शास्त्रीजी वारले. रोग त्यांना सोडून गेला नव्हता. मग ती सेवा वाया गेली का? मुळीच नाही. ज्याला लोक टाळत होते, तो माणूस आश्रमात शिक्षक म्हणून जगला. शुश्रूषेचा हेतू हाच आहे. आजाऱ्याचे माणूसपण जपायचे आणि त्याला जमेल ते काम त्याच्या हाती राहू द्यायचे.

वर्ध्याजवळच्या दत्तपूरलाही हेच दिसते. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. तिथले रुग्ण शेती करत, सूत कातत.

आज कुष्ठरोग औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळते. पण उशीर झाला तर हातपाय बधिर होतात. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, जखम आहे का ते पाहायचे. चांगली परिचारिका हे करून देते, आणि रुग्णाला स्वतः करायलाही शिकवते बरं का!

घरी मधुमेह असलेले आजोबा असतील तर त्यांचेही पाय असेच रोज पाहावे लागतात. हे काम मुलांना सांगून बघा. फक्त पाय पाहण्याआधी एक प्रश्न विचारायला सांगा: "आजोबा, आज कसं वाटतंय?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथेच बसायला सांगा.