सहा ककारांच्या पुढचा धडा

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवले जाणारे हे सहा ककार पाठ व्हायला दहा मिनिटं पुरतात. कॅमेरा आणि एडिटिंग तर हल्ली मुलांना मास्तरांपेक्षा बरं येतं. मग अभ्यासक्रमाची बाकीची वर्षं शिकवायचं काय?

पनवेलजवळच्या नेरे इथं कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. माध्यमांच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी तिथं नेली, तर पहिल्या मसुद्यात काय येईल हे कुणीही सांगेल: ‘समाजाने झिडकारलेले जीव’, ‘डोळे पाणावले’. आणि हमखास एक वाक्य, ‘देशातून कुष्ठरोग हद्दपार झाला आहे.’

खरा तास इथून पुढे. हद्दपार म्हणजे काय, हे मुलांनीच शोधायचं. २००५च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, हे खरं. पण त्या व्याख्येत निर्मूलन म्हणजे दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. शून्य नव्हे! नवे रुग्ण आजही सापडतात आणि सहा ते बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने बरे होतात. दुसरा शोध कायद्याचा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून वैवाहिक कायद्यांतून वगळलं गेलं ते थेट २०१९ साली. रोग बरा व्हायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी! बातमी इथे आहे, पाणावलेल्या डोळ्यांत नाही.

मग फोटोचा प्रश्न. तिथल्या बऱ्या झालेल्या एखाद्या आजीचा चेहरा छापला, तर तो तिच्या नातवाच्या शाळेतही पोचणार. हे तिला आधी सांगितलं का?

हे प्रश्न आयते सांगायचे नसतात, मुलांनीच विचारायचे असतात. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेइरे यांचा आक्षेप होता तो विद्यार्थ्याला रिकामं खातं समजून त्यात माहिती भरण्याला. आपल्याकडे तर १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतः शिक्षक होते. पत्र आणि वर्ग यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारिता अभ्यासक्रम १९६४पासून चालू आहे. आज जिल्ह्याजिल्ह्यांत असे वर्ग आहेत, पण गुण मात्र बहुतेक ठिकाणी छापील मजकुरावर आणि तयार फिल्मवर.

प्राध्यापकांनी एवढंच करून पाहावं: शंभरातले निम्मे गुण टिपणवहीला द्यावेत. कुणाला विचारलं, कोणता कागद पाहिला, काय खोटं ठरलं म्हणून खोडलं, याला.