पासपोर्टावाचून प्रवास

गेल्या हिवाळ्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या बैठकीत फौंड्रीतल्या एका मोल्डरने प्रश्न टाकला, "दादा, पासपोर्ट न्हाई म्हंजे मानसानं परदेश बघायचाच न्हाई काय?" मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, कारण पासपोर्ट आमच्याजवळही नाही.

तो का नाही, ते आधी सांगितलेले बरे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दारात धरणे धरल्याबद्दल आमच्यावर खटला भरला गेला आणि तो तारखांवर तारखा घेत रेंगाळला. 1967 च्या पासपोर्ट कायद्याचे सहावे कलम असे की, अर्जदारावर फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. 1993 च्या अधिसूचनेने यातून एक वाट ठेवली आहे. खटला ज्या न्यायालयात असेल त्याने परदेशी जाण्यास परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळू शकतो. परंतु परवानगी म्हणजे वकील, वकील म्हणजे फी, आणि प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा. गंमत अशी की, हा कायदा ज्या निकालामुळे करावा लागला, त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला होता! आमच्या चळवळीत असे खटले अंगावर असलेली माणसे थोडी नाहीत. त्यांच्यापुरता तरी मोल्डरचा प्रश्न चेष्टेचा नव्हे.

परदेश कशाला म्हणावे, हेही काळाप्रमाणे बदलते. आज कोल्हापूरच्या स्टँडवर रात्री एस. टी.त बसलेला माणूस सकाळी पणजीला चहा पितो. त्याला कोणी कागद विचारीत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि सरहद्दीवर परवाना दाखवावा लागे. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही ती सरहद्द ओलांडू लागले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उलट, आपल्याच देशात अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि 2019 च्या डिसेंबरपासून मणिपूर येथे जाणाऱ्या बाहेरच्या माणसाला आजही 'इनर लाइन'चा परवाना काढावा लागतो. त्याचे मूळ इंग्रजांच्या 1873 च्या नियमात आहे. लक्षद्वीपलाही परवाना लागतो. म्हणजे देशातल्या देशात कागद लागतो, आणि नेपाळ परका देश असून तिथे पासपोर्टावाचून जाता येते!

हे कसे, तर 31 जुलै 1950 रोजी काठमांडूस भारत आणि नेपाळ यांच्यात जो तह झाला, त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या मुलखात राहण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याची मोकळीक दिली. म्हणून तिकडचा गुरखा इकडे येऊन पहारा करतो आणि आपला माणूस पशुपतिनाथाला जातो. व्हिसाही लागत नाही. तथापि पासपोर्ट लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाही असा नव्हे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. विमानाने जाणाऱ्या प्रौढ माणसाने पासपोर्ट नसल्यास निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. आधार कार्ड 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील वृद्धांना चालते. मधल्या वयाच्या माणसाने त्यावर विसंबू नये. सुनौलीहून पायी किंवा मोटारीने जाणाराला पुष्कळदा कोणी हटकत नाही, तरी तेच कार्ड खिशात असावे. आणि नेपाळहून पुढे तिसऱ्याच देशाला जायचे असेल, तर मात्र पासपोर्टाखेरीज गती नाही.

भूतानचेही तसेच: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमची नऊ जणांची तुकडी जयगावला पोहोचली. पलीकडे फुंत्शोलिंग, मध्ये फक्त एक कमान. आठ जणांना प्रवेशपत्र मिळाले. नवव्याजवळ आधार होते. मतदार कार्ड घरी ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली! तीन दिवस तो बिचारा जयगावच्या खोलीत एकटा बसून राहिला. त्याने वर्षभर भिशी भरून पैसे साठवले होते. कार्डे तपासण्याचे काम आमच्याकडे होते, आणि आम्ही "सगळ्यांनी ओळखपत्र घ्या" एवढेच मोघम सांगितले होते. तेव्हापासून निघण्याच्या दोन महिने आधी आम्ही प्रत्येकाचे कार्ड हातात घेऊन पाहतो. तिकिटावरचे नाव आणि कार्डावरचे नाव अक्षरशः जुळवून घेतो. नाव चुकीचे असेल तर ते दुरुस्त करायला तेवढा अवधी लागतोच.

भूतानचा खर्चही आधीच मांडावा. तिथे भारतीय प्रवाशाला दर रात्री 1,200 रुपये शुल्क पडते. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे. नवराबायको आणि त्या वयाची दोन मुले चार रात्री राहिली, तर राहण्याजेवणाच्या आधीच 14,400 रुपये गेले. नेपाळात असे शुल्क नाही, आणि आपल्या 100 रुपयांना तिथले 160 मिळतात. मोठ्या नोटांची मात्र चौकशी करून निघावे. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती, आणि हे नियम मध्येच बदलतात.

आता रजेचा हिशेब, कारण नोकरदाराच्या प्रवासाची खरी सरहद्द तीच. जून 1936 मध्ये फ्रान्समधल्या कामगारांनी मोठे संप करून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली. त्या उन्हाळ्यात कित्येक कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचे माप घालून दिले आणि 2020 च्या नव्या संहितेतही ते कायम आहे. 300 दिवस भरले तर 15 दिवस रजा. नेपाळला कोल्हापूर ते पुणे, पुण्याहून गोरखपूरची रेल्वे, पुढे बसने सुनौली, असे जाण्यायेण्यात सहा दिवस धरावेत. लुंबिनी आणि काठमांडूला चार. दहा दिवस झाले. उरलेले पाच जोतिबाच्या यात्रेला आणि लग्नकार्याला. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठच दिवस आधी खुले होते, म्हणून रजेचा अर्ज त्याच्या अगोदर गेला पाहिजे. तोंडी 'हो'वर तिकीट काढू नये. अर्जाच्या नकलेवर सही घ्यावी. आमच्या धंद्याची ही सवय प्रवासातही उपयोगी पडते.

काठमांडू आम्हांला आणखी एका कारणाने पाहायचे होते. कोल्हापूर संस्थानात माणगावला 1920 साली ज्या बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, त्यांनी नोव्हेंबर 1956 मध्ये, निधनापूर्वी थोडेच दिवस आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले होते.

यंदा फेब्रुवारीत गेलो. जयगावला अडकलेला तो नववा गडी या वेळी सर्वांच्या पुढे होता. मतदार कार्ड त्याने दोऱ्याने गळ्यातच बांधले होते. मोल्डरही बरोबर होता. सुनौलीची कमान ओलांडल्यावर आम्ही सांगितले की नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. त्याने तिथेच थांबून काटे फिरवले आणि विचारले, "दादा, ही पंधरा मिनिटं ओव्हरटाइमात धरायची काय?"